दुसरा आठवडा : गंभीर कोरोनात शरीराचं नेमकं काय होतं?

(तरुण स्वयंसेवकांच्या शिबिरात जुलै २०२१ मध्ये एका डॉक्टरांनी केलेलं भाषण)



भाषणाची मला सवय नाही. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून या जूनपर्यंत माझे बहुतेक दिवस कोविड वॉर्डात गेले. त्याच काळात तुमच्यापैकी कुणी धान्य वाटत होतं, कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चार-चार जिने चढत होतं, कुणी पीपीई किट घालून अनोळखी माणसाच्या मय्यतीला खांदा देत होतं. त्यामुळे तुम्हाला उपदेश करायला मी आलेलो नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तो प्रश्न मला वॉर्डाबाहेरच्या बाकावर एका मुलाने विचारला होता.

त्याचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते. वय ५२, थोडी शुगर. वॉर्डात सगळे त्यांना चाचा म्हणू लागले होते. ते स्वतःच्या पायांनी चालत आले होते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला काही त्रास नाही, पोरं उगाच घाबरलीत." मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ७८. चाचा हसून म्हणाले, "घरीही असाच दाखवत होता. मशीन खराब आहे." मी दुसरा लावला. तोही ७८. ताप येऊन त्या दिवशी दहावा दिवस होता. आकडा ९० च्या खाली गेला त्याला दोन दिवस झाले होते. ते दोन दिवस घरात मशीनवर शंका घेण्यात गेले.

सहाव्या दिवशी चाचा गेले. मुलाने विचारलं, "दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते का?" मी खरं ते सांगितलं : नक्की सांगता येणार नाही, पण संधी जास्त होती. हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं आज तुम्हाला सांगतो, कारण तिसरी लाट आली तर दारोदार तुम्हीच जाणार आहात.

आधी फुप्फुस समजून घेऊ. लोकांना वाटतं, छातीत दोन फुगे आहेत. तसं नाही. श्वासनळीला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात आणि टोकाला द्राक्षांच्या घोसासारखे बारीक वायुकोश असतात. मोठ्या माणसात असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे ७५० चौरस फूट. मुंब्र्यात किंवा भिवंडीत ७५० चौरस फुटांचं घर केवढं मोठं मानतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढी जागा तुमच्या छातीत घडी घालून ठेवलेली आहे.

या वायुकोशाच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. मधली भिंत इतकी पातळ, की केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग. या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. सगळं आयुष्य या पातळ भिंतीवर चाललेलं असतं.

त्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या चपट्या, त्यांच्यातून वायू ये-जा करतात. दुसऱ्या थोड्या गोल, त्यांना टाइप-२ पेशी म्हणतात. या दुसऱ्या पेशींकडे दोन कामं. एक, साबणाच्या पाण्यासारखा एक द्राव तयार करणं, ज्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश आतून चिकटून बसत नाही. दुसरं, भिंतीतली पेशी मेली तर तिच्या जागी नवी तयार करणं. म्हणजे घराचा गवंडी तोच आणि रंगारीही तोच.

कोरोना विषाणूला पेशीत शिरायला एक कडी लागते. तिचं नाव एसीई-२. नाकाच्या आतल्या पेशींवर ही कडी असते, म्हणून आजार नाकातून सुरू होतो. आणि फुप्फुसात ती मुख्यतः या टाइप-२ पेशींवर असते. विषाणू नेमका गवंड्यालाच मारतो. भिंत पडायला लागते आणि बांधणारा उरत नाही.

आता दिवस मोजू. साथीच्या सुरुवातीला, फेब्रुवारी २०२० मध्ये, चीनने ४४,६७२ निश्चित रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ८१ टक्के रुग्णांचा आजार सौम्य होता, १४ टक्क्यांचा तीव्र आणि ५ टक्क्यांचा अतिगंभीर. म्हणजे बहुतेक माणसं घरीच बरी होतात. मी जे सांगणार आहे ते उरलेल्यांबद्दल. अडचण ही, की पहिल्या चार-पाच दिवसांत दोघेही सारखेच दिसतात. ताप, अंगदुखी, खोकला, वास न येणं. फरक दिसतो तो नंतर. ज्यांचा आजार वाढतो त्यांना बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दम लागायला लागतो आणि आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान फुप्फुस हात टेकतं.

असं का? पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचं प्रमाण बहुतेक वेळा कमी होत आलेलं असतं, पण शरीराची संरक्षक फौज अजून थांबलेली नसते. तिचे निरोप रसायनांच्या रूपात जातात, त्यांना साइटोकाइन म्हणतात. काही माणसांमध्ये हे निरोप थांबतच नाहीत. चोर पळाला तरी लाठीमार चालूच, आणि मार खातात गल्लीतली माणसं. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात, पाणी आणि प्रथिनं वायुकोशात उतरतात, मेलेल्या पेशींचा थर आतून चिकटतो. जिथे हवा असायला हवी तिथे पाणी भरतं. या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. हे नाव कोरोनापेक्षा जुनं आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांचं पहिल्यांदा वर्णन केलं होतं. फ्लूनेही असं होतं, रक्तातल्या जंतुसंसर्गानेही होतं. पण इतक्या लोकांना एकाच वेळी झालेलं आमच्या पिढीने पाहिलं नव्हतं.

आता चाचांकडे येऊ. ७८ आकडा असताना माणूस हसत कसा बोलतो?

कारण दम लागल्याची जाणीव मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे तितकी होत नाही. कार्बन डायऑक्साइड त्या भिंतीतून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज निघून जातो. म्हणून भिंत जाड झाली तरी तो बाहेर पडत राहतो आणि मेंदूला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. त्यात सुरुवातीला फुप्फुस बऱ्यापैकी लवचीक असतं, छाती फुलवायला त्रास होत नाही. त्यामुळे माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याचं शरीरच त्याला चुकीची खबर देत असतं.

आणि हा आकडा सरळ रेषेत उतरत नाही. तुम्ही पुण्याहून मुंबईला गेला असाल. लोणावळा-खंडाळ्यापर्यंत गाडी पठारावरून चालते, उतार जाणवत नाही. खंडाळा सोडला की बोरघाट. रक्तातल्या ऑक्सिजनचंही तसंच आहे. ९८ वरून ९४, ९४ वरून ९१, इथपर्यंत पठार. ९० च्या आसपास घाट सुरू होतो. तिथून पुढे फुप्फुस थोडं जरी आणखी बिघडलं तरी आकडा धडाधड कोसळतो. म्हणून सरकारी उपचारपद्धतीत ९० ते ९३ आकडा मध्यम आजार मानतात आणि ९० च्या खाली गंभीर. चाचा दोन दिवस घाटात होते आणि घरच्यांना वाटत होतं, आपण पठारावरच आहोत.

हे झालं फुप्फुसाचं. पण वॉर्डात आम्ही फक्त फुप्फुस सांभाळत नव्हतो.

रक्तवाहिन्यांना आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. त्या अस्तरामुळे रक्त वाहतं राहतं, गोठत नाही. गंभीर कोरोनात हे अस्तर सुजतं आणि सोलवटतं, मग रक्ताच्या गुठळ्या होतात. २०२० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने कोरोनाने दगावलेल्या सात जणांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि फ्लूने दगावलेल्यांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली. वायुकोशांभोवतीच्या केसासारख्या वाहिन्यांमधल्या गुठळ्या कोरोनात नऊपट होत्या. म्हणजे वायुकोशात हवा पोचली तरी पलीकडे रक्तच वाहत नाही. हीच गुठळी मोठी झाली आणि फुप्फुसाच्या मुख्य वाहिनीत अडकली तर माणूस काही मिनिटांत कोसळतो. मेंदूत गेली तर अर्धांगवायू. हृदयाच्या वाहिनीत झाली तर हार्ट अटॅक. तुम्ही 'डी-डायमर' हा शब्द ऐकला असेल. शरीरात गुठळ्या होऊन विरघळत असल्या की तो वाढतो. दाखल रुग्णाच्या पोटात आम्ही हेपॅरिनची इंजेक्शनं देतो ती यासाठी. वॉर्डात नातेवाईक विचारायचे, रोज ही कसली सुई टोचता? ती गुठळी रोखायची सुई.

हृदयावर दुहेरी ताण येतो. एक तर ऑक्सिजन कमी, आणि दुसरं म्हणजे बंद पडत चाललेल्या फुप्फुसात रक्त ढकलायचं काम. काहींच्या हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. मूत्रपिंड ही लाखो बारीक गाळण्यांची यंत्रणा आहे. रक्तदाब पडला, ऑक्सिजन घटला, गाळण्यांत गुठळ्या झाल्या की लघवी कमी होते आणि काही रुग्णांना डायलिसिस लागतं. मेंदूत गोंधळ होतो. आपल्याच मुलीला न ओळखणारे रुग्ण मी पाहिले आहेत. अतिदक्षता विभागात दोन-तीन आठवडे झोपून राहिलेल्या माणसाचे स्नायू इतके विरघळतात, की बरा झाल्यावर त्याला हातात पाण्याचा पेला धरता येत नाही.

आणि साखर. मधुमेह ज्यांना आधीपासून आहे त्यांचा आजार बळावायची शक्यता जास्त. त्यात आजारामुळे साखर वाढते आणि स्टेरॉइडने आणखी वाढते. या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण आपण पाहिले. वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणी सक्तीचा करायला सांगितलं, इतकी ही संख्या वाढली होती.

स्टेरॉइडचा विषय निघाला म्हणून थोडं सविस्तर सांगतो, कारण औषध किती महाग यापेक्षा ते कधी दिलं याला किती महत्त्व आहे, हे त्यातून कळतं. डेक्सामेथासोन हे जुनं, अगदी स्वस्त औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले. व्हेंटिलेटरवरच्या १०० रुग्णांपैकी हे औषध न घेतलेल्यांत २८ दिवसांत ४१ दगावले, घेतलेल्यांत २९. ज्यांना फक्त ऑक्सिजन लागत होता त्यांच्यातही थोडा फायदा झाला, २६ वरून २३. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा काहीच नाही. उलट तोट्याकडे कल दिसला. कारण तुम्हाला आता कळलं असेल. पहिल्या आठवड्यात विषाणूशी लढायला तीच फौज हवी असते, तेव्हा तिला झोपवायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती आपलंच घर पाडायला लागते, तेव्हा तिला आवरायचं. आपल्याकडे मात्र तापाच्या दुसऱ्याच दिवशी मेडिकलवाल्याकडून या गोळ्या आणून खाल्लेले रुग्ण मी पाहिले. आणि रेमडेसिविरसाठी लोकांनी दागिने विकले. त्याने जीव वाचतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसलं नव्हतं.

सीटी स्कॅनचंही तसंच. 'माझा स्कोअर ४, तुझा किती?' अशी चर्चा आपण ऐकली. तिसऱ्या दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये स्कोअर कमी आला म्हणून घरी निवांत बसलेला माणूस नवव्या दिवशी घाटात असू शकतो. सौम्य आजारात स्कॅनची गरजच नसते. हजारो रुपयांच्या त्या फोटोपेक्षा दिवसातून चार वेळा पाहिलेला बोटावरचा आकडा जास्त कामाचा.

फुकटचा उपायही आहे : पालथं झोपणं. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की तो दबतो. पालथं झोपलं की मोकळा होतो. व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज किमान १६ तास पालथं ठेवल्याने मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही ऑक्सिजन मिळेपर्यंत यामुळे आधार मिळतो. पण ही रुग्णालयाऐवजी करायची गोष्ट नाही. रुग्णालयात पोचेपर्यंत करायची आहे. आणि गरोदर बाईला पालथं झोपवू नका.

आता थोडं अवघड बोलतो. चाचांच्या घरचे दोन दिवस का थांबले? ऑक्सिमीटर घरात होता. रिक्षा दारात होती. ते थांबले भीतीने. 'तिथे नेलं की इंजेक्शन देऊन मारतात', 'व्हेंटिलेटर लावला की माणूस परत येत नाही', 'मय्यत मिळत नाही, दफन करू देत नाहीत'. ही भीती आभाळातून पडली नव्हती. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये टीव्हीवर एका समाजाला साथीचा गुन्हेगार ठरवण्यात आलं. भाजीवाल्याला नाव विचारलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट म्हटलं. न्याय मिळाला. पण त्या बदनामीने मोहल्ल्यात जी भीती पेरली ती निकालाने उपटली गेली नाही. आणि त्या भीतीची किंमत ज्यांनी बदनामी केली त्यांनी मोजली नाही, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी मोजली.

म्हणून त्या भीतीला हसू नका, तिला उत्तर द्या. व्हेंटिलेटर माणसाला मारत नाही. जे लोक मरणाच्या दारात असतात त्यांनाच तो लावावा लागतो. मघाच्याच चाचणीत डेक्सामेथासोन मिळालेल्या व्हेंटिलेटरवरच्या १०० जणांपैकी ७१ जण २८ दिवसांनंतर जिवंत होते. आपल्याकडे सगळीकडे तितकं यश आलं असं मी म्हणणार नाही. खाटा कमी, माणसं कमी, ऑक्सिजनसाठी रांगा. रुग्णालयांच्या चुका झाल्या, त्यांचा जाब जरूर विचारा. पण रुग्ण दाखल करून विचारा.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक खाला दाखल झाल्या. वय ६०, शुगर, वजन जास्त. चाचांपेक्षा धोका मोठा. पण त्यांच्या बारावीतल्या नातीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापाच्या पहिल्या दिवशी गोल केला होता आणि रोजचे आकडे तिथेच लिहिले होते. सातव्या दिवशी बसून ९५ होते. तिने नानीला खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवलं, आकडा ९१ झाला. तिने कुणाचं ऐकलं नाही, त्याच संध्याकाळी घेऊन आली. ऑक्सिजन, स्टेरॉइड, हेपॅरिन, पालथं झोपवणं. व्हेंटिलेटर लागला नाही. बाराव्या दिवशी खाला घरी गेल्या. दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण दोन्ही घरांत मशीन सारखंच होतं. एका घराने आकड्यावर विश्वास ठेवला.

तर तिसरी लाट आली तर तुम्ही काय करायचं?

ताप आलेल्या माणसाचा पहिला दिवस लिहून ठेवा. पाचव्या ते बाराव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहा, ताप उतरला असला तरी. ऑक्सिमीटर लावण्याआधी नखावरचं नेलपॉलिश काढा. गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. हात गार असेल तर चोळून गरम करा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून काठावरच्या आकड्याला 'चालतंय' म्हणू नका. ९४ च्या खाली आला, किंवा सहा मिनिटं चालून तीन-चार अंकांनी घसरला, तर डॉक्टरांना गाठा. बसून ९४ च्या खाली असेल किंवा दम लागत असेल तर चालायला लावूच नका. यंत्र नसेल तर घड्याळ लावून मिनिटाचे श्वास मोजा; शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे २४ किंवा त्याहून जास्त असतील तर थांबू नका. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य तुटू लागलं, माणूस गोंधळला, तर थेट रुग्णालय.

बरे होऊन आलेल्यांनाही विसरू नका. बहुतेकांचं फुप्फुस काही महिन्यांत भरून येतं, कारण वाचलेल्या टाइप-२ पेशी पुन्हा भिंत बांधतात. पण काहींच्या भिंतीत व्रणाची जाड गाठ राहते आणि जिना चढताना दम लागतो. 'आता काय झालंय तुला' असं त्यांना म्हणू नका. त्यांना तपासणीला न्या.

आणि लस. ती शरीराच्या फौजेला आधीच ओळख करून देते, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला तो आंधळा लाठीमार होण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. लस घेतल्यावरही संसर्ग होऊ शकतो, हे खरं आहे. पण घाटापर्यंत जाण्याची शक्यता खूप कमी होते. तुमच्या घरात ४५ वर्षांवरचं कुणी अजून राहिलं असेल तर आज घरी गेल्यावर पहिलं काम ते. त्यांच्यासोबत जा, रांगेत उभे राहा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या गोष्टीबद्दल ते विचारतील. वाद न घालता उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर मला फोन करा.

चाचांचा मुलगा गेल्या महिन्यात भेटला. आता तो गल्लीत ऑक्सिमीटर घेऊन फिरतो. त्याने परत तो प्रश्न विचारला नाही. त्याने विचारलं, "आकडा ९३ आला आणि घरचे नेऊ देत नसतील तर काय सांगायचं?" त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगून थांबतो : त्यांना सांग, माझे अब्बाही हसत होते.